पोट पाचव्या मजल्यावर, गुडघे दुसऱ्या

सबंध चेन्नईत अरबी पेशंट माझ्याइतक्या सफाईने कोणी सांभाळत नाही! मी काजा मोहिदीन, आमच्या हॉस्पिटलचा दुभाषी. अरबी शिकलो ती मस्कतला, बांधकामावर सिमेंट कालवता कालवता. व्याकरण कच्चं, पण पेशंटला हसवण्यात पक्का!

ओमानहून मुसल्लमचाचा आले, सोबत मुलगा यासिर. पाचव्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून मला सांगितलं, "कॅन्सर पोटभर पसरलाय. घरी न्या त्यांना. फार दिवस नाहीत."

असलं काही आधी मुलाला बाहेर नेऊन सांगायचं, ही आमची रीतच. यासिर भिंतीला टेकून रडला. मग म्हणाला, "बाबांना कळता कामा नये! पित्ताचा खडा आहे म्हण."

खड्यावर थांबलो असतो तर मी काजा कसला?

"चाचा, खडा होता, तोही विरघळला! तब्येत जवानासारखी आहे तुमची!"

"असं? मग गुडघे बदलूनच जातो! उंटांमागे चालवत नाही आता."

परदेशी पेशंटचा विभाग बघणाऱ्या सेल्वी मॅडम तर पुष्पगुच्छ घेऊनच धावल्या. "दोन्ही गुडघे? वा वा!"

हाडांचे डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर. पोटाचे कागद राहिले पाचव्यावर. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही आजार?" चाचा म्हणाले, "छे!" यासिरने मान खाली घातली. मी इमानदारीत भाषांतर केलं, "छे!"

ऑपरेशनचा दिवस ठरला. यासिरने मला जिन्यात गाठलं.

"अरे गाढवा, टेबलावरच जातील ते! आईला शेवटचं भेटणारसुद्धा नाहीत!"

"मग सांग ना खरं!"

"माझी जीभ रेटत नाही. आग तू लावलीस, तूच विझव!"

गेलो. चाचा पलंगावर पाय हलवून बघत होते. आता हे सांगायला लागतात ते शब्द मला कोण शिकवणार? माझ्याजवळ होते वाळू, सळई आणि पाडकामाचे!

"चाचा, पायाच खचलाय. भिंतींना तडे गेलेत. नवे खांब लावून उपयोग नाही."

"कोणाच्या घराचं सांगतोयस?"

मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. चाचांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला.

"यासिरला माहीत आहे?"

सवयीने म्हणालो, "नाही."

"देवाची कृपा! हळवा आहे रे पोरगा, त्याला सांगू नकोस. म्हाताऱ्याला इथलं जेवण रुचत नाही, घरी जायचं म्हणतो, असं सांग."

विमानतळावर बापलेक आमच्या सांबाराच्या नकला करत एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होते. मला बघवेना. खांबाआड जाऊन मी रडून घेतलं.

परतलो तर सेल्वी मॅडम तापलेल्या. "हातात आलेले दोन गुडघे गेले! कारण काय?"

"जेवण आवडलं नाही म्हणे."

झालं! बड्या साहेबांनी तातडीची मीटिंग बोलावली आणि आठवड्याच्या आत खास अरबी खानसामा नेमला. मटण-भात फर्मास करतो हो! पाचव्या मजल्यावरचे पेशंट फारसे खात नाहीत, एवढंच.