बिनसाखरेचा फेस

उस्तादांनी चहा सोडला, त्याला कारण एक गळा.

गळा गिऱ्हाईकाचा होता आणि वस्तरा उस्तादांचा. वस्तरा हनुवटीखाली आला आणि उस्तादांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या खुर्चीवर मुलगा केस कापत होता. त्याने झटकन बापाचं मनगट धरलं. गळा वाचला. गिऱ्हाईकाला काही कळलं नाही, कारण ते घोरत होतं. (उस्तादांच्या हाताखाली माणूस घोरतो, अशी दुकानाची ख्याती होती.) पण घरी कळलं, आणि घरी कळलं म्हणजे डॉक्टरांना कळलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दिवसाला चहा किती?"

"लागेल तेवढा," उस्ताद म्हणाले.

"आणि साखर?"

"चहाला लागेल तेवढी."

"डॉक्टर, यांच्या कपात चमचा उभा राहतो," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी चहा बंद केला, साखर बंद केली आणि महिन्याने पुन्हा रक्त तपासायला बोलावलं. परत येताना रस्त्यात बायकोने वस्तराही बंद केला.

हे उस्तादांना लागलं. शाळेत ते फार टिकले नव्हते. जे काही शिकले ते पहिल्या खुर्चीमागे उभं राहून. पहिली खुर्ची म्हणजे दाराजवळची, मोठ्या आरशासमोरची. ती त्यांना वडिलांकडून मिळाली होती, आणि वडिलांनीही ती डोळे मिटेपर्यंत सोडली नव्हती. मुलगा दुसऱ्या खुर्चीवर होता. त्याचे स्वतःचे केस पिकायला लागले तरी दुसऱ्याच खुर्चीवर होता.

त्या दिवशी जेवताना उस्ताद बोलले.

"चहा सोडला. महिनाभर वस्तरा माझ्याच हातात राहील. महिन्याने रक्त सुधारलं तर पहिली खुर्ची कायमची माझी. कुणी पुन्हा तोंड उघडायचं नाही. नाही सुधारलं, तर माझ्या हाताने वस्तरा याच्या हातात देईन. हा माझा शब्द."

"बाबा, मला काही घाई नाही," मुलगा म्हणाला.

"ते तुझं काम बघूनच कळतं. तू एकाचे केस कापायला घेतोस, तेवढ्यात बाकावरच्यांचे वाढतात."

मुलगा जेवत राहिला. सून मात्र उठली आणि एक छोटा डबा घेऊन आली. ती रोज ऑफिसला जाण्याआधी एक हिरवं पेय घेत असे. घरात त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

"बाबा, इतक्या वर्षांची सवय एकदम तुटत नाही. चहाच्या जागी हे घ्या. माचा."

उस्तादांनी डबा उघडला, चिमूटभर भुकटी बोटांत चोळली, वास घेतला.

"ही मेंदी आहे. केसांना लावतात."

"मेंदी नाही हो. चहाचीच पानं आहेत. झाडं सावलीत ठेवतात, पानं वाफवून सुकवतात, मग दळतात. पाणी उकळतं नको, नुसतं गरम. आणि या बांबूच्या ब्रशने घुसळायचं, छान फेस येईपर्यंत."

फेस म्हटल्यावर उस्तादांनी मान वर केली. बांबूचा ब्रश हातात घेऊन त्यांनी तो तळहातावर फिरवला.

"याने फेस येत नाही. ओरखडे येतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढीचा एक कोरा ब्रश काढला, गरम पाण्यात मऊ केला आणि सुनेच्या देखत माचा घुसळला. मनगट फिरलं न फिरलं तोच वाटीत फेस उभा राहिला. एकही मोठा बुडबुडा नाही. मलईसारखा दाट, कडेला चिकटून. सून बघत राहिली.

"असा मला महिनोन्‌महिने जमला नाही."

"तुला दाढी करता येते का?" उस्ताद म्हणाले आणि वाटी तोंडाला लावली.

चव पावसात भिजलेल्या गवतासारखी होती. उस्तादांनी चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही.

"कसा आहे?" बायकोने विचारलं.

"आहे."

तेव्हापासून थर्मासात गरम पाणी आणि खिशात डबा घेऊन उस्ताद दुकानात जाऊ लागले. सकाळ-दुपार-संध्याकाळ वाटीत घुसळायचं आणि घोट घोट घ्यायचं. मुलगा दिवसभर डोळ्यांत तेल घालून त्यांच्या मनगटाकडे बघत असे. अंधारी पुन्हा आली नाही. बाकावर बसलेली माणसं विचारायची, हे काय. उस्ताद म्हणायचे, आहार. पुढे कुणी विचारत नसे.

एकदा बायको जेवणाचा डबा द्यायला दुकानात आली. फळीवर साबणाची आणि माचाची अशा दोन वाट्या शेजारी शेजारी होत्या, दोन्ही स्टीलच्या, दोन्हींत ब्रश.

"अहो, सारख्याच आहेत की. एखादीला दोरा तरी बांधा."

"दोरा कशाला? फेस डोळ्यांनी बघायचा नसतो. मनगटाला कळतो."

"मनगटाला कळतं, तर साखर किती झाली तेही विचारा त्याला."

उस्ताद लगबगीने गिऱ्हाईकाकडे वळले. त्याला कारण होतं.

पहिले काही दिवस त्यांनी गवत गिळलं. पुढे त्यांनी विचार केला. (उस्ताद विचार फार करत नसत. करत, तेव्हा घरच्यांनी सावध राहायला हवं होतं.) डॉक्टरांनी चहातली साखर बंद केली, हे खरं. पण चहा आता होताच कुठे? हा तर पाला. पाल्यातल्या साखरेबद्दल डॉक्टर एक अक्षर बोलले नव्हते. आपण शब्द दिला तो चहा सोडण्याचा, आणि चहा आपण सोडला आहे. एवढं मनाशी पक्कं झाल्यावर त्यांनी अंगाला लावायच्या पावडरचा एक रिकामा डबा धुतला, वाळवला आणि त्यात पिठीसाखर भरली. डबा पहिल्या खुर्चीच्या फळीवर ठेवला. त्या फळीला हात लावायची मुलाची हिंमत नव्हती.

पिठीसाखरेने माचा एकदम चांगला लागू लागला. उस्तादांनी सुनेला तसं सांगितलंही.

"जिभेला सवय झाली, बाबा," सून कौतुकाने म्हणाली.

"होते," उस्ताद म्हणाले.

महिना संपत आला. उद्या रक्त द्यायचं, आणि आज डॉक्टर दाढीला आले. ते नेहमी पहिल्या खुर्चीवरच बसत.

"काय उस्ताद, उद्याची तयारी?"

"तयारी कसली? खणखणीत आहे."

"बघू," डॉक्टर म्हणाले आणि मान मागे टाकली. उस्तादांनी गरम टॉवेल त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. फळीवर दोन्ही वाट्या तयार होत्या. बाकावर टायरवाला आणि एक मास्तर बसले होते. उस्तादांनी त्यांच्याकडे तोंड करून हात मागे नेला, वाटी घेतली आणि न बघताच डॉक्टरांच्या गालावर ब्रश फिरवायला सुरुवात केली.

"पूर्वी लोक दाढी करायला यायचे," ते बाकाला सांगत होते. "आता मशीनने घरीच खरवडतात. फेस म्हणजे काय ते या पिढीला माहीतच नाही."

"आज साबण हिरवा आहे," टायरवाला मास्तरांच्या कानात म्हणाला.

"औषधी असेल. डॉक्टरांसाठी खास."

"विचारू का?"

"उस्तादांना? तूच विचार."

टायरवाल्याने विचारलं नाही. उस्तादांनी दोन्ही गाल, हनुवटी, मिशीची जागा नीट माखली. मनगटाने काही तक्रार केली नाही. फेसच तसा जमला होता. मग ब्रश ठेवून त्यांनी दुसरी वाटी उचलली आणि एक मोठा घोट घेतला.

उस्ताद जागच्या जागी थांबले.

उभ्या आयुष्यात ते दुकानात थुंकले नव्हते. थुंकणाऱ्या गिऱ्हाईकाला त्यांनी अर्ध्या दाढीनिशी बाहेर काढलं होतं. बाकावरची माणसं बघत होती. उस्तादांनी साबण गिळला.

त्याच वेळी टॉवेलखाली डॉक्टरांची जीभ बाहेर आली. वरच्या ओठावरून एकदा फिरली. थांबली. पुन्हा फिरली.

"उस्ताद," डॉक्टर टॉवेलखालूनच म्हणाले, "साबण गोड का लागतोय?"

उस्तादांना सांगायचं होतं की नवा साबण आहे. त्यांनी तोंड उघडलं. शब्दाऐवजी एक बुडबुडा बाहेर आला, सावकाश आरशापर्यंत गेला आणि तिथे फुटला. दुसरा टायरवाल्याकडे गेला. उस्तादांनी तोंड मिटून घेतलं.

तोवर डॉक्टरांच्या गालावरचा फेस बसला होता आणि हिरवे ओघळ कॉलरकडे निघाले होते. मुलगा धावत आला. त्याने डॉक्टरांचं तोंड पुसलं, खरा साबण लावला आणि बापाच्या जागी उभं राहून दाढी पुरी केली. घाई केली नाही, पण एक ओरखडा नाही. उस्ताद बाजूला उभे होते. त्यांना बोलायचं खूप होतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

शेवटी मुलाने पावडरसाठी पहिल्या खुर्चीच्या फळीवर हात नेला.

उस्तादांनी हात पुढे केला, तो उशिरा. डॉक्टरांची मान पांढरी झाली होती. घाम होता, त्यामुळे पावडर लगेच चिकटलीही. डॉक्टरांनी मानेवरून बोट फिरवलं, बोट जिभेवर टेकवलं आणि आरशातून उस्तादांकडे पाहिलं. रागावले नाहीत. दवाखान्यात चष्मा काढून बघत, तसं पाहिलं.

"डॉक्टर, चहा मी सोडला होता," उस्ताद म्हणाले. शेवटच्या अक्षराला एक छोटा बुडबुडा आला.

"उद्या उपाशीपोटी या," डॉक्टर म्हणाले.

दुकानात कुणी हसलं नाही. मास्तरांनी पेपर डोळ्यांसमोर धरला होता. तो उलटा होता.

उस्तादांनी वस्तरा उचलला. पाण्यातून काढला, पुसला, चामड्याच्या पट्ट्यावर दोनदा ओढला आणि पात्याची बाजू स्वतःकडे ठेवून मुलापुढे धरला.

"बाबा, अजून रक्त तपासायचंय."

"घे. शब्द होता."

मुलाने तो दोन्ही हातांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. कागद बायकोने वाचला आणि घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला. साखर उतरली नव्हती. आता माचा सून घुसळते, बांबूच्याच ब्रशने, आणि उस्तादांना देण्याआधी बायको बोट बुडवून चाखते.

पहिल्या खुर्चीवर मुलगा आहे. पण फेस त्याला जमत नाही, म्हणून तेवढं काम उस्तादांकडे राहिलं. दोन्ही खुर्च्यांचा फेस तेच करतात, आणि करताना वाटीत बघतात.

नवं गिऱ्हाईक हल्ली खुर्चीत बसलं की डोळे मिटण्याआधी विचारतं,

"उस्ताद, फेस साबणाचाच ना?"

"साबणाचाच."

"आणि साखर?"

उस्ताद वाटीत बघत फेस घुसळत राहतात. वस्तरा पट्ट्यावर ओढता ओढता मुलगा उत्तर देतो.

"बंद केली."