दत्तण्णा आणि माझी शिट्टी

आमचे दत्तण्णा बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, गळ्याकडे बघतात. पहिल्या भेटीत मला वाटलं, शर्टाचं वरचं बटण तुटलंय. चाचपायला गेलो, तर म्हणाले, "राहू दे रे अप्पा. श्वास घे. अजून स्वल्प मोठा. सरी!"

बनशंकरीतल्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. लिफ्ट बहुधा बंदच. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. मराठीत कन्नड असं मुरलेलं की वेगळं काढता येऊ नये. माणूस रेडिओलॉजिस्ट, एकटा, आणि श्वासनळीवर फिदा. लोक फोनमध्ये नातवंडांचे फोटो दाखवतात, अण्णा श्वासनळ्यांचे. नाव झाकलेलं, नळी उघडी! पण कॉफी फर्मास. संध्याकाळी मी धापा टाकत त्यांच्या दाराशी पोचायला आणि कॉफी तयार व्हायला एकच गाठ पडायची. मी हे आपलं नशीब समजायचो.

धापेचं कारण असं. डेंग्यूत मला घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. बरा झालो, पण पुढे जिना चढताना शिट्टी वाजायला लागली. मी इंटरनेटवर वाचून स्वतःच निदान केलं : दमा! पंप आणला आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात चारचौघांत ऐटीत ओढू लागलो. शिट्टी वाढतच गेली. वाक्य संपायच्या आधी श्वास संपायला लागला.

एकदा अण्णांनी जिन्यातच धरलं. "दमेकरी श्वास सोडताना वाजतो. तू घेताना वाजतोस! त्या नळीनं आत वण केलाय, श्वासाची वाट अरुंद झालीय. चल, स्कॅन!"

अरुंद भाग आखूड निघाला, तर दुर्बिणीतून फुगा घालून रुंद करता येणार होता. लांब निघाला, तर गळा उघडावा लागणार.

"आवंढा गिळायचा नाही. श्वास धर," यंत्रातून अण्णांचा आवाज आला.

"सरी, अण्णा," मी नम्रपणे होकार दिला. नेमकं तेव्हाच यंत्र फिरलं.

"धर म्हटलं रे! उत्तर कुणी मागितलं?"

पुन्हा पहिल्यापासून.

मग पडद्यावर माझी श्वासनळी सगळ्या बाजूंनी दिसेल अशी उभी राहिली. मंडईत वांगं निरखावं तशी अण्णा ती फिरवू लागले. "नोडी, नोडी! बघ, डमरूची कंबर! काय सुंदर अरुंद आहे!"

"अण्णा, माझी आहे ती."

"म्हणून तर! चल, आत जाऊ."

आणि आम्ही माझ्याच गळ्यात शिरलो! गुलाबी बोगदा आवळत आवळत वाटाण्याएवढा झाला. अण्णांनी माउस जरासा पुढे सरकवला, आणि पलीकडे लगेच रस्ता मोकळा! ते खुर्चीतून उठलेच. "आखूड! फुगा पुरे!"

मी आनंदानं ओरडलो. बाहेर पडली शिट्टी.

फुगा झाला. पहिल्याच संध्याकाळी मैसूरपाक घेऊन मी जिना न थांबता, न वाजता चढलो आणि अण्णांची बेल दाबली. ते दचकले. पहिल्यांदाच गळ्याकडे न बघता तोंडाकडे बघत राहिले.

"आलास कधी? कळलंच नाही रे."

गॅस बंद होता. भांडं पालथं.

"शिट्टी आली की दूध ठेवायचो," ते हळूच म्हणाले. "आता ठेवायचं कधी?"

हल्ली मी दुसऱ्या मजल्यापासून ओठांनी शिट्टी वाजवत चढतो. सूर भयानक. शेजारी दारं लावून घेतात. वर मात्र गॅसवर भांडं ठेवल्याचा आवाज येतो.