कुटुंबप्रमुखाचा हिवाळी विशेष

फुरसत ही घरातली सगळ्यात जोखमीची चीज असते, म्हणून ती एकाच जबाबदार माणसाच्या ताब्यात ठेवावी लागते. सगळ्यांच्या हाती दिली तर सगळे ती आपापल्या परीने उधळतील. कुणी लोळत पडेल, कुणी खिडकीतून बाहेर बघत बसेल, आणि सोमवारी कुणी विचारलं की सुट्टीत काय केलं, तर खुशाल सांगेल, "काही नाही." या उत्तराने समाजाचं किती नुकसान होतं याची आकडेवारी उपलब्ध नाही. (म्हणजे नुकसान प्रचंड असणार.)

आमच्या गोष्टीतल्या घरात ही जबाबदारी लिफ्ट इन्स्पेक्टर सांभाळायचे. आठवडाभर लोकांच्या लिफ्टा तपासायच्या, दोर बघायचे, ब्रेक बघायचे, "क्षमता सहा माणसे" ही पाटी सरळ आहे ना ते बघायचं. आणि सुट्टीला त्याच नजरेने घरच्यांची मजा तपासायची. हिवाळी सहलीचे त्यांचे नियम लेखी होते आणि फ्रिजच्या दारावर चिकटवलेले होते.

एक: निघण्याची वेळ पहाटे पाच पंचेचाळीस. निघणं म्हणजे गाडी गेटबाहेर. बूट शोधणं याला निघणं म्हणता येणार नाही.

दोन: स्वेटर कधी घालायचा ते प्रमुख सांगतील. थंडीचं ऐकू नये.

तीन: प्रेक्षणीय स्थळ आल्यावर सर्वांनी ते बघावं. डोळे मिटलेले आढळल्यास स्थळ पुन्हा दाखवण्यात येईल.

सात: फोटोत दात दिसावेत. (चार ते सहा हे नियम पार्किंगचे होते. ते घरातल्या तीन बायकांना झेपणार नाहीत, या दयाबुद्धीने लावले नव्हते.)

गेल्या सहा हिवाळ्यांत एकूण अकरा सहली झाल्या. वेळेवर निघालेल्या, अकरा. वेळेवर परतलेल्या, अकरा. फोटो दोन हजारांवर, दात सर्वत्र. मजा आल्याची नोंद एक. ती इन्स्पेक्टरांच्या आईची, परतताना गाडीत झोप लागली तेव्हाची.

इन्स्पेक्टरांच्या बायकोला आपण बाई म्हणू, कारण ऑफिसातही त्यांना बाईच म्हणत. त्या नगरपालिकेत नकाशे काढायच्या. गटारांचे. साडेदहा ते साडेपाच गटारं, आणि घरी आल्यावर, कुकरची शिट्टी होईपर्यंत, नवरा. म्हणजे असं, की गेली सहा वर्षं बाई टोपणनावाने एका साइटवर दर गुरुवारी "कुटुंबप्रमुख" नावाचं कॉमिक टाकत होत्या. दोन्ही कामांत त्यांना फारसा फरक वाटत नसे. कुठे तुंबलंय ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे, बस.

कॉमिकचा नायक म्हणजे इन्स्पेक्टरांची झेरॉक्स होती. तेच पोट, तीच पाठीमागे बांधलेल्या हातांची चाल, वाक्यावाक्याला तेच "मी म्हटलं होतं." ओळख पटू नये म्हणून बाईंनी एकच खबरदारी घेतली होती. नायकाला मिशी काढली होती. इन्स्पेक्टरांना मिशी नव्हती. खबरदारी सहा वर्षं पुरली.

पुरली म्हणजे किती, तर इन्स्पेक्टर त्या कॉमिकचे निष्ठावंत वाचक होते. दर गुरुवारी सकाळी फोन घेऊन बाथरूममध्ये जायचे. आतून हसण्याचे आवाज यायचे. मग डोळे पुसत बाहेर.

"अगं, हे बघ! पोरीच्या वाढदिवसाला भाषण ठोकतोय, आणि तिकडे केक वितळतोय. काय नग आहे! असली माणसं खरंच असतात का गं?"

"असतात," बाई म्हणायच्या.

"असतात काय, तुझ्या ताईचा नवरा! हुबेहूब. मिशीसकट."

आणि लगेच साडूंना पाठवून द्यायचे.

या कटात घरातल्या आणखी दोघी सामील होत्या. अकरावीतली मुलगी रंग भरायची. सासूबाई जुना माल पुरवायच्या. (पाचव्या वर्षी तो खेळण्यातल्या हत्तींना उंचीप्रमाणे उभं करायचा, वगैरे.) आईनेच लेकाविरुद्ध साक्ष द्यावी हे बरं दिसत नाही, असं एकदा बाईंच्या तोंडून निघालं. सासूबाई म्हणाल्या, "सत्तेचाळीस वर्षं ऐकलंय मी त्याचं. आता जरा हसू दे की मला."

बाईंचं म्हणाल तर घरात शेवटचा शब्द प्रमुखांचा असायचा, शुक्रवार ते बुधवार. गुरुवार तेवढा बाईंचा होता. त्या एका दिवसावर बाकीचे सहा निभावत होते.

आणि डिसेंबरात तोच जायची पाळी आली. साइटच्या संपादक मुलीचा मेसेज आला: "ताई, वाचक घटतायत. हिवाळी विशेष हवाय, फॅमिली सहलीवर, बारा चित्रं. रविवारी संध्याकाळी सातच्या आत. नाहीतर गुरुवारची जागा मांजराला द्यावी लागेल. सॉरी हं!" (मांजर म्हणजे दुसरं एक कॉमिक. त्यात मांजर झोपतं. पुढच्या भागात कूस बदलतं. वाचक चौपट.)

बाईंना घाम बिलकुल फुटला नाही. शनिवारी सहल ठरलेलीच होती, तलावाला. आजवरचा अनुभव असा, की गाडी गेटबाहेर पडेपर्यंत पाच-सहा चित्रं हातात असायची. त्यांनी कोटाच्या खिशात छोटी वही टाकली, पेन्सिलीला टोक केलं आणि समाधानाने झोपल्या.

शनिवारी पाच वाजता त्या जाग्या झाल्या. सव्वापाच झाले, आरोळी नाही. पावणेसहा झाले, गाडीचा हॉर्न नाही. शेजारी इन्स्पेक्टर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. सात वाजता बाईंनी त्यांना गदागदा हलवलं.

"अहो, उठा ना! कधीच पावणेसहा होऊन गेले."

"होऊ देत. झोपू दे त्या पोरीला."

बाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

"बरं वाटत नाहीये का?"

"छान वाटतंय. अगं, त्या मिशीवाल्याचं गुरुवारचं बघितलंस ना? मागच्या सीटवर ती पोरगी कानात कापूस घालून बसलीय. आधी हसलो मी. मग वाईटच वाटलं गं तिचं. म्हटलं, आपण नाही व्हायचं असलं कधी."

टिंगल करून माणूस सुधारतो का, यावर जाणकारांत फार जुना वाद आहे. सुधारतो म्हणणाऱ्यांना आजपर्यंत एकही उदाहरण दाखवता आलेलं नव्हतं. पहिलं उदाहरण या घरात, या पलंगावर, रविवारच्या मुदतीला छत्तीस तास उरले असताना घडलं. बाईंनी हे वाक्य ऐकायला सतरा वर्षं वाट बघितली होती. आणखी दोन दिवस त्या सहज थांबल्या असत्या.

गाडी नऊ चाळीसला निघाली. मुलगी पुढच्या सीटवर, स्वतःची गाणी लावून. सासूबाईंनी विचारलं, "स्वेटर घालू का रे?" इन्स्पेक्टर म्हणाले, "थंडी वाजत असेल तर घाल, आई." सासूबाईंनी हा प्रश्न आयुष्यात प्रथमच स्वतःला विचारला, आणि त्यांना उत्तर येईना.

तलावावर धुकं होतं. पोचल्या पोचल्या बायकांच्या बाथरूममध्ये तातडीची बैठक झाली. हजर तिघी. विषय एकच: प्रमुखांना पूर्ववत करणे. ठराव एकमताने मंजूर झाला. (मुलगी म्हणाली, "आई, पण बरे वाटतायत की ते असे." हे मत नोंदवून बाजूला ठेवण्यात आलं.) त्यानंतर झालेल्या प्रयत्नांचा अहवाल खालीलप्रमाणे.

प्रयत्न पहिला. मुलीने कॉफीचा थर्मास पाडला. इन्स्पेक्टर धावत आले आणि म्हणाले, "पायावर नाही ना सांडली?"

प्रयत्न दुसरा. सासूबाईंनी चौघांची तिकिटं हरवली. (कोटाच्या अस्तरात.) इन्स्पेक्टर म्हणाले, "असू दे गं आई, दुसरी काढू." सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी तिकिटं काढून दिली. त्यांना मोहिमेतून वगळावं लागलं.

प्रयत्न तिसरा. बाईंनी गाडी नेऊन दोन जागांच्या मधोमध तिरकी लावली. इन्स्पेक्टरांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मानेवरची शीर उडाली. बाईंचा हात वहीकडे गेला. "ऐसपैस लावलीस," ते म्हणाले.

मग शेवटचं हत्यार. पायाने चालवायच्या बोटी होत्या. चौघं बसल्यावर बाईंनी पॅडलखालचा नट दाखवला.

"अहो, हे बघा. पार गंजलाय. आणि ही तपासणीची तारीख बघा, तीन वर्षांपूर्वीची! लोकांच्या जिवाशी खेळ आहे नुसता."

बावीस वर्षं गंजावर नजर ठेवून पोट भरणाऱ्या माणसाला आपण काय विचारतोय, हे बाईंना ठाऊक होतं. इन्स्पेक्टरांचा हात खिशातल्या टॉर्चकडे निघाला. ओठ हलले. हात अर्ध्या वाटेवर थांबला.

"धुकं किती छान पडलंय," इन्स्पेक्टर म्हणाले.

एक वाजला होता. बारा चित्रांपैकी झालेली, शून्य. बोट काठाला लागल्यावर सगळे गवतावर पसरले. उकडलेली अंडी सोलली जात होती. मुलगी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. इन्स्पेक्टर पाण्याकडे बघत होते आणि पाणी काय आहे ते कुणाला समजावून सांगत नव्हते. सुखी कुटुंब म्हणून पुस्तकात छापतात तसं दृश्य होतं, आणि त्यात काढण्यासारखं कणभर काही नव्हतं.

बाई ताडकन उठल्या.

"चला, उठा सगळे! लोळायला आलोय का आपण?"

"आई, मस्त चाललंय की."

"मस्त चाललंय, तेच तर! किती वाजले कळतंय का? तू ते कानातले इअरफोन काढ आधी. आई, तुम्ही अशा पाण्याच्या जवळ उभ्या राहा. आणखी जरा. अहो, तुम्ही त्या पाटीखाली. हसू नका."

"मी कुठे हसतोय?"

"हसताय! मी म्हटलं होतं डोंगराकडे जाऊ म्हणून. तिथे निदान चढताना तरी काही झालं असतं."

तिघं सांगितल्या जागी उभी राहिली. काही झालं नाही. बाईंनी जागा बदलून दिल्या. तरी काही झालं नाही. बाईंनी घड्याळात बघितलं. (त्या तासातलं हे नववं बघणं. मुलीने मोजलं.) इन्स्पेक्टर हळूच लेकीच्या कानाशी आले.

"आईला काय झालंय गं तुझ्या?"

"काही नाही, बाबा. चला, परत बोटीत जाऊ."

बाई गेल्या नाहीत, त्यांना वेळ नव्हता. तिघं गेली. मध्ये पोचल्यावर तो गंजलेला नट खरंच निघाला, आणि बोट एकाच जागी गोल गोल फिरायला लागली. सासूबाई पहिल्यांदा किंचाळल्या, मग हसायला लागल्या. मग इन्स्पेक्टर हसले. बाथरूमच्या दाराआड हसायचे तसेच, पण उघड्यावर, लेकीच्या गळ्यात हात टाकून. काठावरून बाई ओरडत होत्या, "अहो, हसताय काय नुसते! तीन वाजले! मजा करायला आणलंय ना तुम्हाला?"

बोटीत मुलीने आईची वही उघडली होती. ती तिच्याकडे कशी आली ते विचारू नका. काठावरच्या माणसाला स्वतःच्या खिशाचं भान कुठे असतं!

रविवारी सकाळपासून बाई जेवणाच्या टेबलाशी बसून राहिल्या. सहा वाजता कागद कोरा होता. सव्वासहाला त्यांनी संपादक मुलीला मेसेज लिहायला घेतला, "मांजराला माझ्या शुभेच्छा," आणि खोडला. मग रडू आलं, तेही त्यांनी बेसिनचा नळ सोडून उरकलं. परतल्या तर टेबलावर बारा चित्रं होती, रंगवलेली, आणि शेजारी मुलगी नखं खात उभी.

चित्रांत नेहमीचाच नायक होता. तलाव, धुकं. नायक घरच्यांना ओळीत उभं करतोय. नायक आजीला पाण्याच्या आणखी जवळ सरकवतोय. नायकाच्या एका हाताला तीन घड्याळं. आणि बारावं चित्र: लांब पाण्यात सगळं कुटुंब पोट धरून हसतंय, आणि काठावर एकटा नायक, लालबुंद, ओरडतोय, "हसणं थांबवा आणि मजा करा!"

बाई पहिलं चित्र बघून गालात हसल्या. पाचव्याला खुर्ची धरली. बाराव्याला डोळ्यांतून पाणी आलं, आणि या वेळी नळ सोडावा लागला नाही.

"अगं कार्टे! कुठून सुचतं तुला हे? हुबेहूब तुझे बाबा!"

मुलीने बाराव्या चित्रातल्या काठावरच्या नायकाकडे बघितलं, मग आईकडे.

"हो ना," ती म्हणाली.

सहा बावन्नला चित्रं गेली. गुरुवार वाचला. मांजराला बुधवार मिळाला.

हिवाळी विशेष तुफान चालला. आठवड्याभरात चार हजार दोनशे अकरा पत्रं आली. मुलीने ती बसून वेगळी काढली. "अगदी आमचा दादा" नऊशे साठ. "आमचे सासरे, शपथ!" आठशे चार. "आमच्या वहिनी (मिशी सोडून)" सातशे बावीस. ऑफिसातला साहेब, सोसायटीचा सेक्रेटरी, घरमालक मिळून सतराशे पंचवीस. "हा मीच" असं लिहिणारे शून्य. यातली दोन पत्रं त्याच घरातून गेली होती, एक बाथरूममधून आणि एक जेवणाच्या टेबलावरून.

आता ही गोष्ट कुणाला वाचायला द्यायची, ते तुमचं मघाशीच ठरलंय. द्या की, जरूर द्या. तो माणूस वाचेल, मनापासून हसेल आणि म्हणेल, "बरं झालं तूच दिलीस. मी तुला कसं सांगावं याच विचारात होतो."