अंडाकृती डाग आणि घुबडाची ढोली

ए, नाकातलं बोट काढ अन् ऐक.

एका जंगलात, जिथं झाडांपेक्षा समित्याच जास्त होत्या, एक घुबड होतं. उंच ढोलीत बसायचं आणि राजाच्या दुर्बिणीतून आभाळ बघायचं. पगार म्हणून तेवढी ढोलीच मिळालेली.

एकदा ते सिंहाला म्हणालं, "महाराज, एक बुटकी दीर्घिका सापडली. ताऱ्यांची वाडीच म्हणा. शेजारच्या मोठ्या दीर्घिकेचा पदर धरून बसलीय."

"दिसायला कशी?"

"अंड्यासारखी लांबट. भलती फिकी. तारे सगळे म्हातारे, तांबूस. आतला वायू संपला, म्हणून नवा तारा जन्मतच नाही."

"पाळणा हलत नाही? अरेरे! सुईण पाठवू?"

सिंहानं दुर्बिणीला डोळा लावला. काहीच दिसेना.

कावळा हा राजाचा मानलेला मेहुणा. ढोलीवर त्याचा कधीचा डोळा. तो म्हणाला, "दाजी, काचेवर डाग असंल. नाहीतर ह्याला मोतीबिंदू."

कोल्ह्यानं लगेच शेपटीनं काच पुसली. तरी सिंहाला दिसेना.

"कुणालाच दिसली नाही, तर ढोली मेहुण्याला!"

घुबड काकुळतीला आलं. "महाराज, फिकी वस्तू थेट बघितली की लपते. नजर जराशी बाजूला ठेवा."

"मी राजा! चोरासारखा तिरपा बघू?"

तेवढ्यात तिरळी शेळी पुढं घुसली. "सरका मेल्यांनो!" तिनं डोळा लावला. "अगं बया! आहे की! पुसट अंडं!"

मग सिंहानं गुपचूप डोळे तिरळे केले. दिसली! गडी असा खूश झाला की तिथंच हुकूम काढला, "आजपासून दरबारात सगळ्यांनी तिरळंच बघायचं. थेट बघंल तो राजद्रोही!"

माकडाची फांदी चुकली. हत्ती प्रधानावर बसला. सगळे खूश.

पण घुबडाचे डोळे खोबणीत फिरतच नाहीत, बाळांनो. अख्खी मान फिरवावी लागते. त्यानं आपलं राजाकडं थेट, मोठ्ठे डोळे करून बघितलं.

"माझ्यावर डोळे वटारतोस?"

ढोली गेली. कावळा तर जन्माचा तिरपा. त्यानं पहिल्याच दिवशी कळवलं, "दाजी, डाग नीट पुसला. आभाळ साफ आहे."

तात्पर्य: सत्य जरूर शोधा. पण आधी राजाला मेहुणा आहे का, ते शोधा. आणि असं तिरळं होऊन माझ्याकडं बघू नका, तुमच्या आया मलाच बोलतील.