सुटे भाग: सात

नव्या छोट्या पिस्तुलाची चाचणी घेण्यासाठी आमच्या मुख्यालयात रीतसर समिती नेमण्यात आली. अध्यक्षसाहेबांचा पिस्तुलाशी कधीच संबंध आलेला नव्हता, त्यामुळे ते निःपक्षपाती होते. भांडारपालांकडे भांडाराच्या किल्ल्या होत्या. शस्त्रागारातल्या मिस्त्रींना पिस्तुलातलं सगळं कळत होतं, म्हणून त्यांना मताचा अधिकार नव्हता. जाणकाराचं मत एकांगी असू शकतं, असं नियमातच आहे. चौथा मी, लेखनिक. काय घडलं हे समितीत सगळ्यांना दिसतंच. काय घडलं असं ठरलं, ते मी लिहितो.

पिस्तूल होतं मात्र देखणं. तळहाताएवढं, काळं, हातात घेतलं की सोडावंसं वाटू नये असं. दवाखाने, शाळा आणि कचेऱ्या यांच्या दारावर उभ्या राहणाऱ्या चारशे पहारेकऱ्यांना ते द्यायचं होतं. मोठ्या दवाखान्याच्या दारावर मिस्त्रींची मुलगी दोन वर्षांपासून पहाऱ्याला होती आणि पहिल्या यादीत तिचं नाव होतं. हे इथेच सांगून ठेवतो, कारण इतिवृत्तात ते फार उशिरा आणि भलत्याच कारणासाठी आलं.

चाचणी करायची ती नमुना क्रमांक बावीसप्रमाणे. हा नमुना जुन्या पिस्तुलासाठी छापलेला, आणि त्याआधी तो आणखी कशासाठी तरी छापलेला असावा, कारण सहाव्या रकान्यात ‘धार’ असं लिहिलेलं आहे. ‘लागू नाही’ असं लिहिलं तर नमुना अपूर्ण धरतात. अध्यक्षांनी पिस्तुलाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मी ‘धार समाधानकारक’ असं लिहिलं. आठव्या रकान्यात लांबी किमान आठ इंच हवी होती. पिस्तूल भरलं साडेसहा. छोटं पिस्तूल छोटं निघाल्यामुळे समिती काही वेळ चिंतेत पडली. मग भांडारपालांनी ते खोक्यात ठेवून मोजलं आणि प्रश्न सुटला.

मग मिस्त्रींनी टेबलावर घोंगडी पसरली आणि पिस्तूल खोलायला घेतलं. तीस वर्षं त्यांनी हेच केलंय. आधी गोळ्यांचं मॅगझिन काढलं. वरची स्लाइड मागे ओढून नळीत गोळी नाही ना हे डोळ्यांनी पाहिलं, आणि डोळ्यांवर विश्वास नसल्यासारखं करंगळी घालून पुन्हा पाहिलं. बाजूचा खटका फिरवला, तशी स्लाइड अलगद पुढे सरकून हातात आली. तिच्यातून स्प्रिंग काढली, नळी काढली, आणि सगळं ओळीनं मांडलं: मॅगझिन, स्लाइड, स्प्रिंग, नळी, खालचा सांगाडा.

“पाच,” मिस्त्री म्हणाले.

मी नमुना वाचला. “रकाना अकरा. खोलल्यावर सुटणारे भाग, सात. इथे आकडा छापलेलाच आहे साहेब. आपण फक्त बरोबरची खूण करायची.”

अध्यक्षांनी भाग मोजले. मग उलट्या बाजूनं मोजले.

“दोन कुठे गेले?”

“गेले नाहीत साहेब, ते नाहीतच. जुन्या पिस्तुलात स्प्रिंग वेगळी आणि तिच्या पोटातली कांडी वेगळी होती. इथे दोन्ही मिळून एकच भाग आहे. आणि जुन्याची खिळी बाहेर निघायची, याचा खटका आतच राहतो. चांगलं आहे उलट. जेवढे भाग कमी, तेवढे हरवायचे कमी.”

“म्हणजे हरवतात,” भांडारपालांनी मुद्दा पकडला.

घोंगडी झटकली गेली. टेबलाखाली, कपाटामागे, केराच्या टोपलीत शोध झाला. मिस्त्रींना खिसे उलटे करायला सांगण्यात आलं. चष्म्याचं घर, तेलकट फडकं आणि पेन्सिलीचा तुकडा एवढा ऐवज निघाला, आणि तो भांडारपालांनी घोंगडीवर वेगळ्या ओळीत मांडला. तीन वस्तू झाल्या. भांडारपाल म्हणाले, पाहिजे होत्या दोनच. मी घाईत तीनच्या जागी तीस लिहून बसलो होतो. इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही.

गोळीबार चाचणी चांगली झाली. वाळूच्या पोत्यांवर शंभर गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही. तिथेच सगळं संपलं असतं, पण मिस्त्रींना न सांगितलेलं काम करायची वाईट सवय. त्यांनी नुसती ठिणगी पाडणारी टोपी भरलेली, दारू आणि गोळी नसलेली काडतुसं घेतली, पिस्तुलात एकेक घातलं आणि कमरेच्या उंचीवरून पिस्तूल फरशीवर पाठीवर पडू दिलं. दहा वेळा. त्यात चार वेळा चापाला बोट न लागता टोपी फुटली.

पुढच्या बैठकीला ते कागद घेऊन आले. “साहेब, हे पडलं की उडतं. चाप वजनाला जड आहे, पडल्याच्या हिसक्यानं आपोआप मागे जातो. कंपनीला कळवलं तर हलका चाप बसवून देतील, एका पिस्तुलाला दहा मिनिटं लागतात. पण त्याआधी वाटप करू नका.”

“हे कुठल्या रकान्यात घ्यायचं?” अध्यक्षांनी मला विचारलं.

मी नमुना पालथा घालून पाहिला. पडण्याचा रकाना नव्हता.

“नसणारच,” अध्यक्ष म्हणाले. “नियम एकेचाळीस काढा.”

मी वाचला. “शासकीय हत्यार हातून अगर कमरेवरून पडू देणे हा शिस्तभंग समजण्यात येईल.”

“म्हणजे ते पडत नाही. मनाई आहे.”

“अहो साहेब, धावताना पडतं, झटापटीत पडतं, पट्टा तुटला तर पडतं!”

“पट्ट्याची समिती वेगळी आहे. तिच्या कामात आपण ढवळाढवळ करायची नाही.” अध्यक्षांनी कागद पुन्हा वाचला. “तुम्ही ते दहा वेळा पाडलंत, असं तुम्ही स्वतःच लेखी देताय. दहा वेळा शिस्तभंग, मिस्त्री.”

मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाले, “माझी पोर दवाखान्याच्या दारात उभी असते साहेब. दिवसभर तिच्या अंगाला घासून लोक ये-जा करतात. तान्ही लेकरं घेऊन बाया जातात.”

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. मी टोपण लावून पेन खाली ठेवलं. अध्यक्षांचाही चेहरा मऊ झाला. ते प्रेमानं म्हणाले, “मुलगी आहे होय? मग हा हितसंबंध झाला. तो आधी जाहीर करायला हवा होता.” मी पुन्हा टोपण काढलं.

नोटीस निघाली: दोन भाग गहाळ, दहा वेळा शिस्तभंग, एक हितसंबंध. सात दिवसांत खुलासा.

पण आमचे अध्यक्ष माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी मिस्त्रींना बोलावून मार्ग काढून दिला. “हे बघा, अकरावा रकाना अडलाय म्हणून सगळं अडलंय. दोन भाग सापडले की नोटीस निकालात. आणि शेवटी ‘शेरा’ म्हणून एक रकाना आहे, त्यात तुमचं ते पडण्याचं लिहा. कोण नाही म्हणतंय?”

मिस्त्रींनी तो मार्ग धरला. मुलीसाठी धरला, हे सगळ्यांना कळत होतं. दुपारभर लेथवर उभं राहून त्यांनी एक कांडी आणि एक खिळी घडवली. काय सुरेख काम होतं! कशातच बसत नसलेले इतके नेमके भाग मी पाहिले नव्हते. पाचांच्या ओळीत ते दोन ठेवले. अध्यक्षांनी मोजले, सात भरले, मी बरोबरची खूण केली. भांडारपालांनी समाधानानं सुस्कारा सोडला आणि म्हणाले, “बघा, शोधलं की सापडतं.”

शेऱ्याचा रकाना दोन बोटांएवढा. मिस्त्रींनी बारीक अक्षरात लिहिलं, ‘पडल्यास आपोआप गोळी सुटते. चाप बदलून घेतल्याशिवाय वाटप करू नये.’

स्वच्छ प्रत करताना अध्यक्ष अडले. “सगळे रकाने समाधानकारक आणि शेरा असा? वरचे लोक विचारतील, मग समाधान कसलं झालं? आशय तोच ठेवा, जरा शासकीय भाषेत घाला.”

शब्द मी सुचवला. हे कबूल करायला हवं, कारण त्याबद्दल माझं कौतुक झालं आहे. मी लिहिलं: ‘पिस्तूल अपेक्षेपेक्षा अधिक तत्पर आहे.’

मिस्त्रींनी प्रत वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. “हे तुम्ही लिहिलंत?”

“आशय तोच आहे,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ‘उपस्थित’ या शब्दासमोर सही केली. त्यांना तेवढाच अधिकार होता.

चारशे पिस्तुलं आली. कंपनी शहाणी निघाली. मान्य नमुन्याप्रमाणे प्रत्येक पिस्तुलासोबत छोट्या पिशवीत एक कांडी आणि एक खिळी पाठवली. आता दर आठवड्याला पहारेकरी पिस्तूल खोलतात, पाच भाग मांडतात, खिशातले दोन काढून शेजारी ठेवतात, “सात!” म्हणून ओरडतात आणि दोन पुन्हा खिशात घालतात. खिळी हरवल्याबद्दल आजवर अकरा जणांना शिक्षा झाली आहे.

वाटपाच्या दिवशी मी नोंदवही घेऊन जाळीच्या खिडकीशी बसलो होतो. मिस्त्री आतून एकेक पिस्तूल देत होते. मुलीची पाळी आली. तिनं सही केली, पिशवी उघडली.

“बाबा, हे दोन कुठे बसवायचे?”

“खिशात.”

“आणि करायचं काय त्यांचं?”

“सांभाळायचं.” मग जाळीतून हात काढून त्यांनी तिचा तळवा धरला आणि तिच्या कमरेवरच्या पिस्तुलावर दाबला. “चालताना, वाकताना, गर्दी आली की, हात इथून हलवायचा नाही. असा. घट्ट. एक हात कायमचा गेला समज.”

“किती दिवस?”

“नोकरी आहे तोवर.”

तिनं का म्हणून विचारलं नाही. बापाचा आवाज ऐकून तिला जेवढं कळायचं तेवढं कळलं असावं. मागे रांग होती. मी पुढचा क्रमांक पुकारला.

महिन्याभरानं अध्यक्ष दवाखान्याच्या पाहणीला गेले. दारात ती ताठ उभी, पिस्तुलावर हात दाबलेला. अध्यक्ष भारावून गेले. “याला म्हणतात सज्जता!” दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं: सर्व पहारेकऱ्यांनी हात हत्यारावर ठेवूनच उभे राहावे. चारशे हात चारशे पिस्तुलांवर गेले. त्या दिवशी मिस्त्रींना मी बऱ्याच काळानं हसताना पाहिलं. आपलं कोणीतरी ऐकलं असं त्यांना वाटलं असावं. कारण चुकीचं होतं, पण एका परिपत्रकानं चारशे दारं सुरक्षित झाली होती, आणि आमच्या कारकिर्दीत असं पूर्वी झालेलं नव्हतं.

आता तुमचा भाग.

गेल्या आठवड्यात तुम्ही त्या दवाखान्यात आला होतात. घाईत होतात, कानाला फोन होता. दारात तुमचा खांदा तिला लागला. तिनं एका हातानं पिस्तूल दाबलं होतंच, दुसराही हात त्यावर नेला आणि भिंतीला पाठ टेकली. तुमच्या हातातल्या तपासण्यांच्या कागदांचा गठ्ठा जमिनीवर पसरला. ती वाकली नाही. तुम्ही कागद एकेक करून गोळा केलेत आणि तिच्याकडे रागानं पाहिलंत.

आत टेबलावर आमचा छापील अर्ज ठेवलेला असतो. ‘आपणांस सुरक्षित वाटते काय?’ तुम्ही ‘होय’वर खूण केलीत. खाली सूचनेसाठी दोन ओळी असतात. त्या सहसा कोरड्या येतात, पण तुम्ही भरल्यात: ‘दारावरच्या बाई नुसत्या रुबाबात पिस्तूल धरून उभ्या असतात. हात मोकळे ठेवावेत, नागरिकांना मदत करावी.’

अक्षर चांगलं आहे तुमचं. अध्यक्षांनी दोनदा वाचलं. जनतेकडून आलेली आणि अंमलात आणता येण्याजोगी अशी ही पहिलीच सूचना, म्हणून ती लगेच मान्य झाली. परिपत्रक मीच लिहिलं. मिस्त्री खोलीत आले, टेबलावरचा तुमचा अर्ज उचलून त्यांनी खालची सही वाचायचा प्रयत्न केला.

“हे कोण आहेत?” त्यांनी मला विचारलं.

मी तुमचं नाव सांगितलं नाही. ते गोपनीय असतं.

सोमवारपासून हात मोकळे राहतील. तुमचे तपासण्यांचे निकालही सोमवारीच मिळणार आहेत, असं अर्जावर दिसतं. या. यावेळी कागद पडले, तर ती वाकून उचलून देईल.