आईच्या पायापुरती गाडी

आवडलेल्या वस्तूला विकणाऱ्यासमोर चांगलं म्हणायचं नाही, हा तपासनिसांच्या घरातला जुना दंडक होता. घालून दिला होता त्यांच्या वडिलांनी, आणि वडील गेल्यावर आईने तो त्यांच्याहून कडक पाळला. कपाट आवडलं की त्याची दारं करकरतात म्हणायचं. कापड आवडलं की रंग जाणार म्हणायचं. फारच आवडलं तर सरळ उठून पायरीपर्यंत चालत जायचं, म्हणजे मागून हाक येते आणि भावही उतरतो. लग्न होऊन नवीन आलेली सून एकदा दुकानात एका दिव्याला "किती सुंदर" म्हणून बसली. तो दिवा काही घरी आला नाही, आणि सासूबाई त्या संध्याकाळी सुनेशी बोलल्या नाहीत.

तपासनिसांना हा दंडक जड गेला नाही, कारण खोड काढणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदाच होता. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात ते पट्ट्यावरून येणारी बाटली उजेडासमोर धरत, आणि आत एखादा बुडबुडा दिसला की ती बाजूला काढत. त्यावरूनच आख्खी गल्ली त्यांना तपासनीस म्हणे. घरात पाण्याचा पेला हातात आला तरी ते आधी खिडकीकडे धरून बघत आणि मग पाणी पीत.

पण हल्ली त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून ती त्यांच्या छोट्या गाडीत बसायला तयार नव्हती. "पाय दुमडत नाही रे," ती म्हणे, "तुझ्या गाडीत तो ठेवू कुठे?" भाड्याची गाडी करू म्हटलं, तर मुलाची गाडी दारात असताना भाड्याने गेले तर लोक काय म्हणतील, असं तिचं उत्तर. तिची थोरली बहीण शेजारच्या गावात अंथरुणाला खिळली होती. रोज दुपारी दोघी फोनवर बोलत. पलीकडून "कधी येतेस गं?" असं विचारलं गेलं की आई म्हणे, "येते गं ताई, पायाचं जमलं की येते." हे कानावर पडलं की तपासनिसांचं काळीज तुटायचं. ताईमावशीच्या हातात किती दिवस उरलेत कोण जाणे, आणि आपली आई केवळ आपली गाडी तोकडी म्हणून तिला भेटू शकत नाही, हा विचार त्यांना जेवू देत नव्हता.

म्हणून त्यांनी मोठी गाडी शोधायला घेतली. नव्या गाड्या बघितल्या तर त्या सगळ्या उंच, आईला आत चढवायला शिडी लागली असती. त्यांना हवी होती जुन्या पद्धतीची, बुटकी, लांबरुंद गाडी, जिच्या मागच्या सीटवर माणूस पाय पसरून बसू शकेल. तशा गाड्या कंपन्यांनी बनवणं केव्हाच बंद केलं होतं. शेवटी वर्तमानपत्रात एक जाहिरात सापडली. एका निवृत्त दंतवैद्यांची गाडी होती, आणि "तुम्ही कशाला येता, मीच दाखवायला आणतो," असं ते फोनवर अगदी मऊ आवाजात म्हणाले.

रविवारी सकाळी गाडी दारात उभी राहिली, तेव्हा एक टोक फाटकाशी आणि दुसरं शेजाऱ्यांच्या खिडकीखाली गेलं. रंग जुन्या चांदीच्या भांड्यासारखा, पण ओरखडा कुठे नाही. तपासनिसांना ती बघताक्षणीच आवडली, त्यामुळे त्यांनी कपाळावर आठ्या घातल्या.

"फारच लांब आहे," ते म्हणाले.

"हो, लांब आहे खरी," डॉक्टर म्हणाले. बोलताना ते उजवा कान पुढे करत. आयुष्यभर दात कोरायच्या मशीनशेजारी बसून त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता.

तपासनिसांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि ते रुमालात गुंडाळून दारांवरून, पत्र्यावरून, चाकांच्या वरच्या कमानींवरून फिरवलं. ठोकलेल्या पत्र्यावर कुठे पुट्टी भरलेली असती, तर तिथे ते चिकटलं नसतं. ते सगळीकडे चिकटलं. त्यांनी पायाखालची मॅट उचलून गंज शोधला, डिकीचं अस्तर वर करून ओल शोधली, रस्त्यावर पालथं पडून इंजिनाखाली तेलाचा थेंब शोधला. काही म्हणता काही सापडेना. इतकी निर्दोष वस्तू त्यांनी कारखान्यातसुद्धा क्वचितच पाहिली होती. ते कपडे झटकत उठले.

"डिकी मोठी आहे," ते म्हणाले. "माणूस उगाच सामान भरत सुटतो."

"आणि हिचे भाग कुठे मिळायचे?" बायकोने सुरात सूर मिसळला. दिव्याच्या प्रसंगानंतर ती तयार झाली होती. "एक दिवा फुटला तरी गावभर हिंडावं लागेल."

डॉक्टरांनी मान डोलावली. हे मात्र खरं होतं आणि त्यांनी ते लगेच मान्य केलं. "कंपनीने बंद केल्यापासून एकदा आरसा शोधत होतो. तीन गावं फिरलो."

तेवढ्यात आई मागच्या दारातून आत गेली, सीटवर आडवी बसली आणि तिने पाय लांब केला. पाय पुरला आणि पुढे जागा उरली. तिच्या तोंडून "हं" असा एक सुखाचा सुस्कारा निसटला. मुलाने चमकून बघितलं तसं तिने तोंड वाकडं केलं.

"सीट फार मऊ आहे," ती म्हणाली. "कंबर धरेल."

मग चक्कर मारायला निघाले. चालवायला डॉक्टर, शेजारी तपासनीस, मागे सासूसुना. डॉक्टर गाडी चालवत ती आयुष्यभर दात काढले त्याच रीतीने. रस्त्यावर गतिरोधक दिसला की आधी वेग कमी करायचे आणि सांगायचे, "आता किंचित धक्का बसेल. लगेच संपेल." वळण आलं की, "आता डावीकडे कलल्यासारखं वाटेल. घाबरायचं काही नाही." चौकात थांबले की, "झालं. छान." आई खिडकीबाहेर झाडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ सैल झाली होती. सुनेने कोपराने ढोसलं तेव्हा तिला दंडक आठवला.

"पुढून काहीतरी खडखडतंय," आई म्हणाली.

काहीही खडखडत नव्हतं. पण आईने सुरुवात केली म्हटल्यावर मागे राहून कसं चालेल? "गिअरबॉक्स असणार," तपासनीस गंभीरपणे म्हणाले.

"मला तर मागूनही आवाज येतोय," सून म्हणाली.

डॉक्टरांनी उजवा कान आधी पुढे, मग मागे वळवला. "मला नाही ऐकू येत," ते हळू आवाजात म्हणाले. "कधीपासून असेल हो?"

"जुनंच दुखणं दिसतंय," तपासनीस म्हणाले.

"आणि ब्रेक लागलेला कळतच नाही," आई म्हणाली.

"कळत नाही?" डॉक्टरांचा चेहरा उतरला. "अजिबात?"

"अजिबात नाही. गाडी आपली थांबते. पत्तासुद्धा लागत नाही."

डॉक्टरांनी तिथूनच गाडी परत वळवली. दारात गाडी थांबवून त्यांनी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले.

"माफ करा," ते म्हणाले. "मी ही गाडी तुम्हाला विकू शकत नाही."

तपासनिसांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. भाव आता उतरणार, हे नक्की झालं. पुढची चाल त्यांना लहानपणापासून पाठ होती. ते गाडीतून उतरले आणि काही न बोलता फाटकाकडे चालू लागले. फाटक आलं. मागून हाक आली नाही. त्यांनी चपलेतला खडा काढायचं निमित्त करून मागे बघितलं, तर डॉक्टर तपासनिसांच्या बायकोला सांगत होते, "उद्याच भंगारवाल्याला बोलावतो. दुसऱ्या कोणाच्या गळ्यात तरी कशी मारू? घरात म्हातारं माणूस असेल, लहान मूल असेल. मी आयुष्यात किडका दात वरून रंगवून दिला नाही."

तपासनीस धावतच परत आले. "डॉक्टर, खडखड वगैरे काही नाही हो."

"तुम्ही तिघांनी ऐकली."

"ती आमच्या घरची रीत आहे."

"खडखड ऐकायची?"

आता सगळं उलगडून सांगणं भाग होतं. वडिलांचा दंडक, कपाटाची दारं, कापडाचा रंग, सगळं तपासनिसांनी सांगितलं, आणि सांगताना ते त्यांना स्वतःलाच फार शहाणपणाचं वाटेना. डॉक्टर शांतपणे ऐकत होते, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता. समोरच्याला धक्का बसला की माणसं कशी गोड बोलतात ते त्यांनी दवाखान्यात पाहिलं होतं.

"मग खरं काय ते सांगा," ते म्हणाले.

तपासनीस अडखळले. कारखान्यात चांगल्या बाटलीबद्दल काही बोलायचं नसतं, ती नुसती पुढे जाते. चांगल्यासाठी शब्द वापरायची त्यांना सवयच नव्हती. पण गाडी भंगारात जाताना त्यांना बघवणार नव्हती. "पत्रा मूळचा आहे," त्यांनी सुरुवात केली. "गंज नाही. इंजिन कोरडं आहे. दार लावलं की एकच आवाज होतो, दुसरा होत नाही. ब्रेक कळत नाही, कारण तो तितका चांगला आहे. ही गाडी कोणीतरी जिवापाड सांभाळली आहे, डॉक्टर."

"आणि फार सुंदर आहे," बायको म्हणाली. इतक्या वर्षांचं साठलेलं तिने एकदम सांडून टाकलं. "रंग सुंदर आहे, आतलं कापड सुंदर आहे, खिडकीची काच खाली जाते ती पण सुंदर जाते."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आमची ही मागे बसून विणकाम करायची," ते म्हणाले. "म्हणायची, तुमच्या गाडीत माझा एक टाका कधी सुटला नाही. ती गेल्यावर मुलगा म्हणाला, एकट्याला एवढी मोठी गाडी कशाला? मलाही पटलं. गाडीबद्दल इतकं चांगलं बोलणारं कोणी उरलंच नव्हतं ना." त्यांनी चष्मा परत लावला आणि गाडीकडे नव्याने बघितलं. "तुम्ही म्हणता तशी असेल, तर मी ती विकायची तरी कशाला?"

नावं ठेवून गाडी भंगारात चालली होती आणि कौतुक करून ती डॉक्टरांच्या घरी परत चालली होती. आपल्याकडे ती येण्याचा तिसरा काही मार्ग असेल, तर तो वडिलांनी शिकवलेला नव्हता. तपासनीस मागच्या दाराशी गेले. आई अजून आतच होती, पाय लांब करून.

"आई, मला ही फक्त तुझ्यासाठी हवी होती," ते म्हणाले. "ताईमावशीला तू भेटावंस एवढंच मला वाटत होतं. तुझा पाय दुमडत नाही त्याला मी काय करू?"

आईने त्यांच्याकडे बघितलं. मग तिने लांब केलेला पाय दुमडला. नंतर दुसराही दुमडला, आणि सीटवर चक्क मांडी घालून बसली.

"पाय केव्हाच बरा झालाय," ती म्हणाली.

"मग आपल्या गाडीत का नाही बसलीस?"

आई सुनेकडे बघू लागली. सून फाटकाकडे बघू लागली.

"तू चालवतोस म्हणून," आई म्हणाली. "तू रस्ता बघत नाहीस रे. पुढच्या गाडीचा दिवा फुटलाय, त्या टेम्पोचं चाक वाकडं आहे, पाटीवरचं अक्षर चुकलंय, हेच बघत असतोस. आणि मग एकदम ब्रेक मारतोस. माझा जीव मुठीत असतो."

"मग सांगायचं नाही का?"

"कसं सांगू? कपाटाला नावं ठेवता येतात. तू एवढा हौसेने गाडी पुसून मला न्यायला उभा राहायचास. त्यापेक्षा गुडघा बरा." तिने डोळ्यांना पदर लावला. "भाड्याच्या गाडीत पाय दुमडून बसले असते, तर तुझ्या लक्षात आलं असतं. ताईला रोज येते म्हणायचे आणि फोन ठेवला की रडायचे."

आयुष्यभर तपासनिसांनी जगातल्या सगळ्या वस्तू उजेडासमोर धरल्या होत्या, आणि त्यांना मात्र कोणी कधी धरलं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, पण आईचं लपवणं त्याहून जास्त मनाला लागलं. ते म्हणाले, "चुकलं माझं."

"डॉक्टर," आई म्हणाली, "गाडी नका विकू. पण आज मोकळे आहात का? माझी बहीण इथून लांब नाही."

"निवृत्त माणूस आहे मी," डॉक्टर म्हणाले. ते लगबगीने पुढे गेले आणि इंजिन सुरू करून मागे वळून म्हणाले, "आता आपण हळूच निघणार आहोत."

लांबलचक गाडी आवाज न करता गल्लीच्या तोंडाशी पोचली आणि वळली. तपासनीस ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी बायकोला विचारलं, "तुलाही माझं चालवणं तसंच वाटतं का?"

"मी बाजारातून पिशव्या घेऊन चालत येते, ती काय हौस म्हणून?" ती म्हणाली. तिने हात पुढे केला. "द्या किल्ली. आपणही जाऊ मावशींना भेटायला. लायसन्स माझ्याकडेही आहे, तुम्ही कधी विचारलं नाहीत."

त्यांनी किल्ली दिली. स्वतःच्या गाडीत ते पहिल्यांदाच चालवणाऱ्याच्या शेजारी बसले आणि पट्टा लावायला खाली वाकले. पायाखालची मॅट सगळीकडे नव्यासारखी होती. फक्त उजव्या पायाखाली, एकाच जागी, ती पार झिजून भोक पडायला आली होती. तिथे कोणीतरी वर्षानुवर्षं जिवाच्या आकांताने ब्रेक दाबत आलं होतं, आणि तिथे ब्रेक नव्हता.