वाण परत मागत नाहीत

यंदाच्या संक्रांतीला मी इतिहास घडवणार होते! निदान आमच्या बिल्डिंगचा तरी.

तुम्हीच सांगा, तुमच्या स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या चाळण्या किती आहेत? माझ्याकडे गव्हाची वेगळी, रव्याची वेगळी, मैद्याची वेगळी, आणि तरीही चार-पाच नुसत्या बसून आहेत. सगळ्या हळदीकुंकवाच्या वाणात आलेल्या! शेवटी मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "या वर्षी मी वाण म्हणून पुस्तकं लुटणार!"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "पुस्तकं? अगं, बायका म्हणतील, घरातली रद्दी काढली!"

"खरंच काढ की," शेखर म्हणाला. "माझ्या शर्टांना जागा होईल."

शेखर म्हणजे माझा नवरा. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर आहे. अख्ख्या शहराच्या विजेची काळजी वाहतो, पण घरात कुठे काय बोललं की ठिणगी उडते, हे त्याला लग्नाला सहा वर्षं झाली तरी कळलेलं नाही.

पण मी मागे हटणार होते थोडीच! गंगापूर रोडच्या एका प्रदर्शनातून मी छोटी छोटी पुस्तकं आणली. लोणच्यांची, कुंडीतल्या बागेची, लहान मुलांच्या गोष्टींची. प्रत्येकाला खाकी कागद, वर लाल लोकरीचा धागा. मदतीला आमची लेक ठमी होती. वय साडेतीन, उत्साह दहा माणसांचा. पहिला सेलोटेप तिने स्वतःच्या केसांना लावला, दुसरा आजीच्या चष्म्याला. मग मी तिला म्हटलं, "बाळा, तू फक्त धागा बांध." या वाक्याची किंमत मला नंतर कळली.

हळदीकुंकू काय झालं म्हणून सांगू! बायका खूश! "अय्या, पुस्तक!" "कित्ती वेगळं गं!" खालच्या मजल्यावरची स्नेहा तर पुडकं हातात घेऊन म्हणाली, "बाई गं, केवढं जड!" मी कृतार्थ हसले. इतकं जड पुस्तक आपण आणलंच नव्हतं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कौतुक चालू असताना डोकं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्वलाचा फोन आला. "काय गं, झालं का वाचून? रविवारी संध्याकाळी येते न्यायला."

उज्वलाबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. ही माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिच्या घरी ती, तिचा नवरा आणि दोन भिंती भरून पुस्तकं. ठमी झाल्यापासून मी जे काही वाचलंय, ते सगळं तिच्या कपाटातलं. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे, ठमी झोपली की, बँकेच्या रांगेत, जमेल तसं! त्या वाचनावरच मी माणसात आहे, नाहीतर केव्हाच भिंतीशी बोलायला लागले असते. पण पुस्तक देताना उज्वला अशी देते की लेकीला सासरी पाठवताना आईसुद्धा एवढ्या सूचना करणार नाही. पान दुमडायचं नाही. जेवताना वाचायचं नाही. आणि दुसऱ्या कुणाला द्यायचं तर मुळीच नाही! एका चुलतबहिणीने तिचं पुस्तक शेजारणीला दिलं, तेव्हापासून त्या दोघी लग्नकार्यात वेगवेगळ्या पंगतीला बसतात.

यावेळी तिने मला एक जाडजूड रहस्यकथा दिली होती. जुनी, बाजारात न मिळणारी. आणि प्रत्येक पुस्तकाला घालते तसं तिने त्यालाही कव्हर घातलं होतं.

खाकी कागदाचं.

उशीखाली पाहिलं, फ्रीजवर पाहिलं, ठमीच्या खेळण्यांच्या टोपल्यात पाहिलं. मग ठमीसमोर उकिडवी बसले. "ठमे, मम्माचं मोठ्ठं पुस्तक कुठंय?"

"मी दोरा बांधला!" ठमी अभिमानाने म्हणाली. "खूप गाठी मारल्या!"

मी तशीच जिन्याकडे धावले. सासूबाईंनी दारातच अडवलं. "कुठे निघालीस?"

"स्नेहाकडून पुस्तक परत आणते."

"काय?" सासूबाईंनी छातीला हात लावला. "सवाष्णीला दिलेलं वाण परत मागणार? आमच्या सात पिढ्यांत कुणी मागितलं नाही!"

"अहो आई, पण ते उज्वलाचं आहे! ती मला पुन्हा दारात उभी करणार नाही!"

"ते खरं. पण वाण मागायचं नसतं." त्यांनी पदर खोचला. डोळ्यांत एक चमक आली. "मागायचं नाही. मिळवायचं. चल!"

पुस्तकं वाटायला ज्यांचा विरोध होता, त्याच आता सेनापती झाल्या!

स्नेहाने दार उघडलं आणि आम्हाला बघून तिचा चेहरा उतरला. मी सहज म्हणावं तसं विचारलं, "वाचलंस का गं पुस्तक?"

"हो! म्हणजे वाचतेय. छान आहे."

"कशावर आहे?"

"घरगुती आहे," स्नेहा म्हणाली. "मनमिळाऊ माणसांचं."

त्या पुस्तकात दुसऱ्याच पानावर मुडदा पडतो! म्हणजे हिने पुडकं सोडलंसुद्धा नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं आणि स्नेहाजवळ सरकल्या. "अगं, लाजतेस काय? मीसुद्धा आलेलं वाण पुढे सरकवते. सगळेच सरकवतात. आणि आमच्या निकिताने दिलेलं सगळंच काही ठेवण्यासारखं नसतं."

मी तिथेच उभी होते हो! पण स्नेहाच्या जिवात जीव आला. "काकू, काल माझ्याकडे घोटीची आत्या आली होती. तिला दिलं. म्हटलं लांब गेलं म्हणजे बरं."

हाही एक शिरस्ताच आहे. वाणात आलेली वस्तू पुढे द्यायची तर लांबच्या माणसाला द्यायची, म्हणजे मूळ मालकिणीच्या नजरेस पडत नाही.

घोटीच्या आत्या म्हणजे कुसाबाई. स्नेहाकडून नंबर घेऊन सासूबाईंनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. आधी तब्येत, मग भाताचा भाव, मग थंडी. मी शेजारी नखं खात होते. अखेर गाडी पुस्तकावर आली.

"वाचलं की!" कुसाबाई म्हणाल्या. "लय घोर लावला बाई त्या पुस्तकानं. रातभर डोळ्याला डोळा नाय. शेवटी तो डॉक्टरच निघाला की मेला! त्यानंच इख दिलं!"

महिनाभर रोज दहा-दहा पानं करत मी शेवटच्या दोन प्रकरणांपर्यंत आले होते. माझा सगळा संशय बागेतल्या माळ्यावर होता!

"मग आता पुस्तक आहे का तुमच्यापाशी?" सासूबाईंनी विचारलं.

"नाय ठेवलं. खुनाचं पुस्तक घरात कशाला? गाठी सुटंनात, तवा दोरा सरकवूनच काढला हुता; सकाळी तसाच चढवला अन् आमच्या आशीकडं धाडलं. एकलहऱ्याला कॉलनीत असते, माझी लेक. तिला लुटायला वाण कमी पडत हुतं. रविवारी हाय तिच्याकडं हळदीकुंकू. या की तुमी! मी सांगते तिला."

रविवारी! म्हणजे उज्वला यायची त्याच दिवशी! शेखरची सुट्टी होती, म्हणून त्याला घरी बसवलं. "उज्वला लवकर आली तर बोलत ठेव. पुस्तकाचं अवाक्षर काढू नकोस!" मी, सासूबाई आणि ठमी रिक्षाने एकलहऱ्याला पोचलो.

आशाकडे बायका भिंतीला टेकून ओळीने बसल्या होत्या. आशा एकेकीला हळदीकुंकू लावत, तिळगूळ देत पुढे सरकत होती. मागे टोपली. टोपलीत वाट्या, गाळण्या आणि सगळ्यात वर खाकी पुडकं! लाल धागा, ठमीच्या गाठी! जुनी मैत्रीण स्टेशनवर दिसावी तसं मला झालं.

पण आशा वरचं सोडून बाजूने वाट्या काढत होती. मोठी वस्तू मोठ्या माणसाला, असा तिचा बेत दिसला. आमच्या ओळीच्या शेवटी शाळेतल्या एक भारदस्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून माझं काळीज लकलकलं. तेवढ्यात ठमी माझ्या कानात, म्हणजे अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मम्मा, शू!"

काय करता! उठले. परत आले तर माझ्या जागेवर एक गाळणी ठेवलेली, सासूबाईंच्या मांडीवर वाटी, आणि आशाचा हात खाकी पुडक्यावर! समोर मुख्याध्यापिकाबाईंनी पदर पुढे केलेला.

आणि मग माझ्या सासूबाईंनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. कपाळाला साधा घामाचा थेंब आला तरी ज्या कुंकू जपून टिपतात, त्या बाईने स्वतःच्या पदराने स्वतःचं कुंकू खसाखसा पुसलं!

"आशा! अगं, हे बघ! माझं कुंकू पुसलं गेलं! असा अपशकुन नको गं बाई!"

आशा घाबरून मागे फिरली. पुन्हा हळद लावली, पुन्हा कुंकू लावलं. सासूबाईंनी शांतपणे पदर पसरला. "कुंकू लावलं की वाण आलंच."

"पण काकू, तुम्हाला वाटी…"

"ती पहिल्या कुंकवाची."

खाकी पुडकं सासूबाईंच्या पदरात पडलं. मला तर त्यांना तिथेच मिठी मारावीशी वाटली, आणि रिक्षात बसल्यावर मी खरंच मारली!

"सोडून बघू का?" मी विचारलं.

"रस्त्यात वाण सोडतात होय?"

शेखरचा फोन आला. तो कुजबुजत होता. "उज्वला आलीय. चहा दिला. दुसरा पण दिला. आता तिला टर्बाइन कसं चालतं ते सांगतोय. लवकर या!"

घरात शिरलो तेव्हा उज्वलाचा चेहरा टर्बाइनसारखाच गरगरलेला होता. मी पुडकं तिच्या हातात ठेवलं. "हे घे तुझं पुस्तक. धूळ बसायला नको म्हणून बांधून ठेवलं होतं."

उज्वलाने त्या गाठींकडे पाहिलं. तिने पुडकं छातीशी धरलं. "निकिता, माझं पुस्तक एवढं जपून आजवर कुणी ठेवलं नव्हतं गं!" ती एकदम उठली. "काकू, जरा करंडा द्या. हे पुस्तक माझ्याकडून हिलाच वाण! हिच्याकडे राहिलं तर कुठे जाणार नाही!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी चांगली मैत्रीण, आणि आपण तिच्या तोंडावर खोटं बोलायचं? छे! सगळं सांगून टाकायचं ठरवून मी तोंड उघडलं. "उज्वला, खरं सांगायचं तर…"

सासूबाईंनी माझ्या तोंडात अख्खा तिळाचा लाडू कोंबला. "गोड बोल!"

सासूबाईंचे लाडू चिक्कीच्या गुळाचे असतात. ते फोडायला खलबत्ता लागतो. तोवर उज्वलाने गाठी सोडल्या, पेन काढलं आणि माझं नाव घालायला पहिलं पान उघडलं. तिथे आधीच निळ्या शाईत मोठ्या, ठसठशीत अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. भांड्यावर घालतात तसं!

उज्वला मोठ्याने वाचू लागली. "'सौ. कुसाबाई, घोटी, यांच्याकडून सप्रेम भेट. ताईंनो, रात्रीचं वाचू नये. डॉक्टरवर नजर ठेवावी.'" तिने सावकाश मान वर केली. "निकिता, ह्या कुसाबाई कोण?"

मी तोंडाकडे बोट दाखवलं. सासूबाई छताकडे बघायला लागल्या.

"त्या ना? स्नेहाच्या आत्या," शेखर म्हणाला. "त्यांनीच तर आशाकडे पाठवलं होतं."

उडाली ठिणगी! मग लाडू विरघळेल तसतसं मी सगळं सांगितलं. ठमीचा दोरा, स्नेहा, घोटी, एकलहरे. शेवटी उज्वलाने एवढंच विचारलं, "कुसाबाईंना आवडलं का पुस्तक?"

"रात्रभर झोपल्या नाहीत म्हणे."

उज्वलाच्या ओठांचा कोपरा हलला. मग ती हसायला लागली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाई हसल्या, मी हसले, कारण न कळता ठमीही हसली. मी सुटले! मैत्रीण शाबूत! आणि हसता हसताच उज्वलाने पुस्तक उचलून आपल्या पर्समध्ये टाकलं.

"अगं अगं," सासूबाई म्हणाल्या, "दिलेलं वाण परत घेत नाहीत!"

"काकू, अजून कुंकू कुठे लावलंय?"

रीतिरिवाजात सासूबाईंना गप्प बसवणारी उज्वला ही पहिलीच!

तेव्हापासून तिचं एकही पुस्तक आमच्या घराची पायरी चढत नाही. मला वाचायचं असेल तर तिच्या घरी जायचं, खिडकीजवळच्या खुर्चीत तिच्या नजरेसमोर बसायचं, आणि उठताना पुस्तक कपाटात ठेवायचं. दर शनिवारी दुपारी. अशी मला शिक्षा झालीय.

सगळ्यांना माझी फार कीव येते. शेखर ठमीला सांभाळतो, सासूबाई संध्याकाळचा स्वयंपाक बघतात. आणि तिथे? कुकर नाही, ठमी नाही, कुणाची हाक नाही. उज्वलाचा नवरा आल्याचा चहा आणून हळूच शेजारी ठेवतो. पान उलटल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो हो!

घरून निघताना मी चेहरा पाडूनच निघते. तुम्ही मात्र कुठे बोलू नका हं!